धंतोलीतलं स्किन क्लिनिक आणि मामाजींचा सोरायसिस, आमचा पूर्ण अनुभव

क्लिनिकचं आणि डॉक्टर मॅडमचं नाव इथं टाकत नाही कारण मामाजींना (माझे सासरे) त्यांचा आजार ओळखीच्या लोकांना कळलेला आवडत नाही, आणि नागपूर म्हणजे सगळे एकमेकांच्या ओळखीचेच. यशवंत स्टेडियमच्या मागच्या बाजूला धंतोलीत आहे एवढं सांगते. पण सर्व्हिस कशी आहे, डॉक्टरने काय तपासलं, काय दिलं, काय नाही आवडलं हे सगळं डिटेलमध्ये लिहून राहिले, कारण आम्ही जेव्हा शोधत होतो तेव्हा रिव्ह्यूमध्ये नुसतं "बेस्ट डॉक्टर", "व्हेरी गुड स्टाफ" एवढंच वाचायला मिळत होतं आणि त्यातून पेशंटच्या घरच्यांना काहीच कळत नाही.

आधीची कहाणी थोडक्यात. मामाजींच्या कोपरावर आणि गुडघ्यावर लाल चट्टे, वर पांढरा जाड पापुद्रा. डोक्यात कोंडा म्हणून सगळे समजत होते. घराजवळच्या एका मेडिकल स्टोअरवाल्याने दाखवल्याबरोबर "गजकर्ण आहे काका" म्हणून एक ट्यूब दिली, ती मिक्स क्रीम, म्हणजे एकाच ट्यूबमध्ये स्टेरॉईड, फंगसचं औषध आणि अँटिबायोटिक तिन्ही. लावलं की चार दिवसांत छान वाटायचं, बंद केलं की आधीपेक्षा जास्त यायचं. मग कोणीतरी बाहेरगावच्या एका वैद्याचं चूर्ण आणून दिलं, पुडीवर ना नाव ना काही, "जडसे खतम" ची गॅरंटी. त्याने तर इतकं झटपट साफ झालं की सगळे खूश, आणि चूर्ण संपल्यावर पाठ, पोट, पाय सगळीकडे फुटून निघालं. तेव्हा माझा नवरा म्हणाला आता बस, स्किनवाल्या डॉक्टरलाच दाखवायचं.

आता मेन मुद्दा. ह्या मॅडमची मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी पेशंटला पाहिलं. एकच चट्टा बघून प्रिस्क्रिप्शन नाही फाडलं. मामाजींना पडद्यामागे बसवून शर्ट, बनियान, मोजे सगळं काढायला लावलं, वरून मोठा लाईट. कोपर गुडघे तर बघितलेच, पण कानामागे, केसांच्या कडेला, बेंबीत, कमरेच्या खाली, तळपायावर, सगळीकडे बघितलं. मला पण आत बोलावलं, म्हणाल्या घरच्यांनी बघितलेलं बरं, पुढे तुम्हालाच लक्ष ठेवायचं आहे.

मग काचेच्या स्लाईडच्या कडेने गुडघ्यावरच्या चट्ट्यावर हलकेच खरवडलं तर पांढरे चंदेरी पापुद्रे सुटले, अगदी मेणबत्तीचं मेण नखाने खरवडल्यावर सुटतं तसे. अजून थोडं खरवडल्यावर खाली ओलसर लाल कातडी आणि तिच्यावर रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. मॅडम म्हणाल्या ही सोरायसिसची ओळखीची खूण आहे, डॉक्टर लोक हिला ऑस्पिट्झ साईन म्हणतात, पण घरी हे करून बघायचं नाही. कारण सोरायसिसमध्ये जिथे खरचटतं, घासलं जातं, भाजतं, तिथे नवीन चट्टा येऊ शकतो. मामाजी तर आंघोळीला दगडाने घासून घासून पापुद्रे काढायचे! ते त्याच दिवशी बंद झालं.

गजकर्ण आणि हे वेगळं कसं, तेही त्यांनी तिथेच समजावलं. गजकर्ण म्हणजे फंगसचा आजार, त्याचा चट्टा बहुतेक वेळा गोल वाढत जातो, कडेला लाल आणि मधे साफ झाल्यासारखा, खाज भयंकर. सोरायसिसचा चट्टा अख्खा सारखाच जाड, कडा एकदम स्पष्ट, वर चंदेरी पापुद्रा, आणि बरेचदा दोन्ही बाजूला सारखा, म्हणजे उजव्या कोपरावर आहे तर डाव्यावर पण. खाज ह्यातही असते बरं, त्यामुळे नुसत्या खाजेवरून ठरवू नका. आणि स्टेरॉईडची ट्यूब लावून लावून दोन्हीचं रूप बिघडतं म्हणून त्यांनी थोडे पापुद्रे काढून केओएच टेस्टला पाठवले, फंगस आहे का बघायला. निघाली नाही. बायोप्सीची गरज वाटली नाही म्हणाल्या, डाऊट असता तरच केली असती. विनाकारण टेस्ट नाही लावल्या, हा माझ्याकडून मोठा प्लस पॉईंट.

नखं! आमच्यापैकी कोणाचंच कधी लक्ष नव्हतं. अंगठ्याच्या नखावर बारीक बारीक खड्डे, एका नखाखाली तेल सांडल्यासारखा पिवळट डाग, आणि एक नख पुढून उचललं गेलेलं. मामाजी ते कामाने झालं समजत होते. मॅडमने नखं बघितल्याबरोबर पुढचा प्रश्न विचारला, "काकाजी, सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का?" मामाजी म्हणाले, "वय झालं नं मॅडम, आखडतातच थोडी." किती वेळ? तर म्हणे चहा, पेपर, आंघोळ होईपर्यंत मूठ नीट वळत नाही. मग त्यांनी पायाची बोटं दाबून बघितली आणि डाव्या पायाचं दुसरं बोट मुळापासून टोकापर्यंत अख्खं सुजलेलं. आम्ही घरात चोवीस तास सोबत राहतो आणि ते बोट कोणी पाहिलं नव्हतं, कारण कातडीवरचे चट्टे लपवायला मामाजी घरात पण मोजे घालायचे.

तर हे सोरायटिक आर्थ्रायटिस. सोरायसिसच्या पेशंटपैकी बऱ्याच जणांना, साधारण दहात दोन-तीन असा अंदाज देतात, सांध्याचा त्रास होतो आणि बहुतेकांना कातडीचा आजार आधी येतो, सांधे नंतर धरतात. वेळेवर औषध नाही दिलं तर सांधा कायमचा वाकडा होऊ शकतो. सकाळी अर्ध्या तासाच्या वर आखडणं, बोट अख्खं सुजणं, टाच दुखणं, कमरेत रात्री दुखून हालचाल केल्यावर बरं वाटणं, ह्यातलं काही असेल तर स्किनच्या डॉक्टरला आपणहून सांगा. आमच्या मॅडमने विचारलं म्हणून कळलं, सगळेच विचारतील असं नाही. त्यांनी एक्स-रे काढून संधिवाताच्या स्पेशालिस्टकडे चिठ्ठी दिली आणि नंतर दोघांनी मिळून औषध ठरवलं, म्हणजे दोन डॉक्टरांची दोन वेगवेगळी प्रिस्क्रिप्शनं घेऊन आम्ही फिरत नाही बसलो.

अजून एक, बाकीच्या गोळ्यांची पिशवी आणायला सांगितली होती. बीपीच्या गोळीत बीटा ब्लॉकर निघाला. काही लोकांमध्ये बीटा ब्लॉकरने, मानसिक आजारात देतात त्या लिथियमने, मलेरियाच्या काही गोळ्यांनी सोरायसिस वाढतो म्हणे. पण स्वतःच्या मनाने बीपीची गोळी बंद करायची नाही हे तीनदा बजावलं, फिजिशियनला पत्र दिलं, त्यांनी बघून बदलून दिली. आणि त्या पुडीतल्या चूर्णाबद्दल मॅडमचं म्हणणं असं की नाव नसलेल्या औषधात स्टेरॉईड मिसळलेलं असू शकतं, आणि पोटातलं स्टेरॉईड अचानक बंद झालं की सोरायसिस उसळतो, कधी कधी अंगभर पू भरलेल्या पुळ्या येतात आणि ॲडमिट करावं लागतं. मामाजींचं तिथवर गेलं नाही, देवाची कृपा.

पण मला ज्याच्यासाठी ह्या डॉक्टरला हात जोडावेसे वाटतात ती गोष्ट औषधाची नाहीच. मामाजी मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, फुल बाह्यांचा शर्ट घालून फिरत होते. सलूनवाल्याने एकदा टॉवेल वेगळा ठेवला तेव्हापासून ते सलूनमध्ये जाणं बंद. लग्नात पंगतीला बसत नव्हते. माझ्या मुलीला, त्यांच्या लाडक्या नातीला, मांडीवर घेणं सोडलं होतं, "तिले लागन" म्हणून. मॅडमने हे सगळं ऐकून घेतलं आणि ग्लोव्ह्ज न घालता स्वतःचा हात त्यांच्या कोपरावरच्या चट्ट्यावर ठेवून बोलत राहिल्या. म्हणाल्या, हा जंतूंचा आजार नाही. शिवून, एका ताटात जेवून, एक टॉवेल वापरून, मांडीवर बसून, कशानेही लागत नाही. आपल्या शरीराची जी संरक्षण करणारी यंत्रणा आहे तीच चुकीने जास्त जोरात काम करते, आणि नवीन कातडी वर यायला जिथे महिनाभर लागतो तिथे ती काही दिवसांतच वर येते, म्हणून थरावर थर साचतात. घराण्यात असू शकतो, पण आईबापाला आहे म्हणजे मुलांना होणारच असंही नाही. मामाजी काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर मोजे काढले आणि नातीला हाक मारली. मी किचनमध्ये जाऊन रडले, खरं सांगते.

आणि खोटी आशा दिली नाही. स्पष्ट सांगितलं की हा मुळापासून जाणारा आजार नाही, कंट्रोलमध्ये राहणारा आहे, डायबिटीससारखा. कातडी पूर्ण साफ होऊ शकते, बरेच महिने साफ राहू शकते, पण परत येऊ शकतो, आणि आला म्हणजे औषध फेल गेलं असं समजायचं नाही. जो कोणी गॅरंटी देईल त्याच्याकडून उठून यायचं.

आता ट्रीटमेंट. पहिल्या दिवसापासून मॉइश्चरायझर, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. क्लिनिकच्या खालच्या मेडिकलमध्ये महागडी बाटली काढून देऊन राहिले होते, मॅडमला विचारलं तर म्हणाल्या साधी पेट्रोलियम जेली चालेल, खोबरेल तेल पण चालेल, फक्त रोज लावा. जाड चट्ट्यांवर व्हिटॅमिन डीच्या जातीचं कॅल्सिपोट्रिऑल आणि स्टेरॉईड एकत्र असलेलं मलम, तेही किती लावायचं ते बोटावर काढून दाखवलं, बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढली की ती दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. जांघेत, काखेत, चेहऱ्यावर हे मलम नाही, तिथली कातडी पातळ असते म्हणून टॅक्रोलिमस नावाचं वेगळं मलम दिलं. डोक्याला कोल टारचा शाम्पू, लावून थोडा वेळ ठेवून मग धुवायचा. वास डांबरासारखा येतो, उशीच्या खोळी जुन्या वापरा.

फोटोथेरपी क्लिनिकमध्येच होते. उभं राहायची केबिन असते, आत चारी बाजूंनी ट्यूब, नॅरोबँड यूव्हीबी म्हणतात, 311 नॅनोमीटरचा प्रकाश. डोळ्यांना गॉगल, कमरेला कपडा, आणि सुरुवातीला अगदी काही सेकंद, मग कातडी बघून बघून वेळ वाढवतात. आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं आणि फरक पडायला काही आठवडे लागतात. मामाजींनी अगदी नागपूरकरांचा प्रश्न विचारला, "मॅडम, आपल्याकडे एवढं ऊन आहे तर मशीन कायले?" त्यावर त्या हसल्या नाहीत, नीट उत्तर दिलं. उन्हात डोस मोजता येत नाही, नको ती किरणं पण लागतात, आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हाने कातडी भाजली तर भाजलेल्या जागी नवीन चट्टे येतील. सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ चालेल, दुपारचं अजिबात नाही. टेक्निशियन मुलगी पण चांगली, प्रत्येक वेळी "काका, मागच्या वेळी लाल झालं का, जळजळ झाली का" विचारल्याशिवाय बटण दाबत नाही, आणि मधे गॅप पडला तर वेळ कमी करून परत सुरू करते.

सांध्यांमुळे पुढे मेथोट्रेक्सेट सुरू झालं. ह्याबद्दल मी जरा जास्त लिहीन कारण ही गोळी स्वस्त आहे, जुनी आहे, कातडी आणि सांधे दोन्हीला चालते, पण आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि चुकून रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं. मॅडमने प्रिस्क्रिप्शनवर वार लिहिला, "फक्त रविवार", त्याच्याभोवती लाल पेनाने चौकोन केला, आणि मला तोंडाने परत म्हणून दाखवायला लावलं. फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या दिवशी. सुरू करायच्या आधी ब्लड काउंट, लिव्हर, किडनी, कावीळ बी आणि सी, छातीचा एक्स-रे. आणि नंतर ठराविक वेळाने रक्त तपासत राहायचं, बरं वाटतंय म्हणून तपासणी टाळायची नाही. तोंडात छाले, ताप, कोरडा खोकला, दम लागणं, असं काही झालं तर त्या आठवड्याची गोळी न घेता आधी फोन. दारू बंद. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेलं तर ही गोळी चालू आहे हे सांगायचं, कारण काही अँटिबायोटिक आणि दुखण्याच्या गोळ्या हिच्यासोबत चालत नाहीत. तरुण पेशंट असतील, मूल हवं असेल, तर त्यांनी तर आधीच बोलायला पाहिजे, गरोदरपणात ही गोळी अजिबात चालत नाही.

खर्रा! हा विषय नागपुरात कसा टळणार. मामाजी रोजचे खर्रा (तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण) खाणारे. मॅडम ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की काकाजी, उद्या तोंडात छाला आला तर तो खर्र्याचा आहे की गोळीचा हे मला कसं कळणार, आणि कळलं नाही तर मी गोळी चालू ठेवू की बंद करू? हे त्यांना पटलं. घरातल्या सगळ्यांनी इतकी वर्षं सांगून जे झालं नाही ते ह्या एका वाक्याने सुरू झालं, अजून पूर्ण सुटला नाही पण खूप कमी आहे. सावजीचं (आमच्याकडचं झणझणीत जेवण) विचारलं, तर म्हणाल्या अमुक खाल्लं म्हणून सोरायसिस होतो असं सगळ्यांना लागू होणारं काही नाही, तुम्हाला स्वतःला एखाद्या पदार्थाने वाढतो असं वाटलं तर टाळा, पण वजन कमी करा, कारण सोरायसिसवाल्यांना शुगर, बीपी, हार्टचा त्रास जास्त असतो आणि वजन उतरलं की औषधं पण चांगली लागू होतात. दही-मासे-वांगं बंद ची जी लांब यादी आम्हाला आधी मिळाली होती ती त्यांनी बाजूला ठेवायला सांगितली.

इंजेक्शनवाली नवीन औषधं, बायोलॉजिक्स, त्याचंही विचारलं आम्ही. त्यांनी गळ्यात नाही मारलं. म्हणाल्या ती चांगली आहेत, ज्यांना गोळ्यांनी फरक पडत नाही किंवा गोळ्या चालत नाहीत त्यांच्यासाठी, पण महाग आहेत आणि आधी टीबीची तपासणी करावी लागते कारण आपल्याकडे लपलेला टीबी बऱ्याच जणांत असतो. सध्या गरज नाही. पैसे कमवायचे असते तर सहज चिटकवलं असतं, आम्ही तर हो म्हणायला तयारच होतो.

आता जे आवडलं नाही ते. वेटिंग फार म्हणजे फारच. फोनवर नंबर घेऊन पण दोन-दोन तास बसावं लागतं, आणि रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं किती नंबर आहेत तर वर न बघता "बसा" म्हणते. म्हाताऱ्या माणसाला त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर एवढा वेळ बसवणं बरोबर नाही, त्यातही ज्याचे सांधे दुखतात त्याला. आणि सगळ्यांसमोर जोरात "सोरायसिसवाले काका कोण आहेत" ओरडायची काय गरज आहे? नावाने बोलवा नं. हे मी मॅडमला सांगितलं, त्यांनी लगेच बाहेर जाऊन सांगितलं, त्यानंतर नाही झालं तसं. फोटोथेरपीचं मशीन एकदा बंद होतं आणि आम्हाला फोन केला नाही, मानेवाड्याहून एवढं येऊन परत गेलो. लिफ्ट छोटी, त्यात व्हीलचेअर जात नाही. पार्किंगबद्दल बोलायलाच नको, धंतोली आहे.

रिझल्ट विचाराल तर, आधी पापुद्रे गेले, मग चट्टे सपाट झाले, आता तिथे फिकट डाग आहेत, ते हळूहळू रंगात मिसळत आहेत. मूठ सकाळी वळते. नखं सगळ्यात स्लो, ती वाढून नवीन यायला वेळ लागतोच. थंडीत कोपरावर थोडं परत आलं होतं, ते होणार हे आधीच सांगितलेलं होतं, म्हणून कोणी घाबरलं नाही, मलम परत सुरू केलं आणि बसलं. मामाजी आता हाफ शर्ट घालतात.

रेटिंग द्यायचं तर डॉक्टरला पाचपैकी पाच, रिसेप्शनला दोन. ज्यांना प्रायव्हेटची फी आणि दर आठवड्याचा फोटोथेरपीचा खर्च झेपत नाही त्यांनी मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) नाहीतर मेयोच्या (तेही सरकारीच) स्किन विभागात दाखवा, मिहानला एम्समध्ये पण हा विभाग आहे, गर्दी असते पण तिथे शिकलेले स्किनचे डॉक्टर बघतात, मेडिकल स्टोअरच्या काउंटरवरच्या ट्यूबपेक्षा शंभर पटीने बरं. जाताना चट्ट्यांचे जुने फोटो, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि आधी लावलेल्या ट्यूबची खोकी सोबत न्या, आणि दोन दिवस आधीपासून चट्ट्यांवर काही लावू नका म्हणजे डॉक्टरला खरं रूप दिसतं. ह्या क्लिनिकला जायचं असेल तर शनिवार टाळा, आणि गाडी घरी ठेवून मेट्रोने सीताबर्डीला उतरून ऑटो करा.